जवळ घेतलं की तो आखडतो, मग स्पर्शाने ताण उतरतो तो कसा?

प्रश्न असा आहे: नवऱ्याच्या कामात काही महिन्यांपासून भयंकर ओढाताण चालली आहे. तो घरी येतो तोच कपाळाला आठ्या घालून. वीस सेकंद मिठी मारली की ऑक्सिटोसिन हे हार्मोन वाढतं आणि ताण उतरतो असं तुमच्या वाचनात आलं, म्हणून तुम्ही तो दारात येताच त्याला मिठी मारू लागलात. तो आखडतो, कधी तुमचा हात हळूच बाजूला करतो. तुमचं स्वतःचं मात्र उलट आहे, मन बिघडलं की कुणीतरी जवळ घ्यावं असं वाटतं. मायेच्या स्पर्शाने ताण कमी होतो हे खरं की नुसती गोड समजूत, आणि खरं असेल तर तुमच्याच घरी ते का चालत नाही, असं तुम्ही विचारलं आहे.

ते खरं आहे. पण एक तपशील सांगता सांगता बहुतेकांकडून गळून पडतो. ज्या प्रयोगांच्या जोरावर हे सगळं बोललं जातं, त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत स्पर्श ताण येण्याच्या आधी दिलेला होता. माणूस पिचून गेल्यावर नव्हे. तुमच्या घरी नेमकं उलटं घडतं आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथेच दिसतं.

वीस सेकंदांचा आकडा आला आहे तो बहुधा २००३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासातून. त्यात काही जोडप्यांना दहा मिनिटं हातात हात घेऊन बसवलं आणि शेवटी वीस सेकंदांची मिठी मारायला सांगितली. बाकीचे तेवढाच वेळ नुसते शांत बसले. मग प्रत्येकाला भाषण करायला लावलं, कारण चारचौघांत बोलण्याइतका हमखास घाम फोडणारा प्रसंग दुसरा नाही. आधी जवळ बसलेल्यांचा रक्तदाब आणि नाडीचे ठोके इतरांइतके चढले नाहीत. म्हणजे वीस सेकंदांच्या आधी दहा मिनिटं होती, आणि त्या दोन्हींनंतर भाषण होतं. लोकांनी त्यातले वीस सेकंद तेवढे उचलले.

झुरिचमधला २००७ चा अभ्यास मला याहून बोलका वाटतो. त्यात स्त्रियांचे तीन गट होते. एका गटातल्या स्त्रिया ताणाच्या चाचणीआधी एकट्याच बसल्या, दुसऱ्या गटाला जोडीदाराने शब्दांनी धीर दिला, तिसऱ्या गटातल्या स्त्रियांची मान आणि खांदे जोडीदाराने चोळून दिले. चाचणी नेहमीचीच, परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं. तिसऱ्या गटात कॉर्टिसोल, म्हणजे ताणात रक्तात वाढणारं हार्मोन, आणि हृदयाचे ठोके दोन्ही कमी चढले. शब्दांच्या गटात तसा फरक दिसला नाही. बोलण्यावरच पोट असलेल्या माझ्यासारख्या समुपदेशक बाईला हा निष्कर्ष जरा झोंबतोच, पण वर्षानुवर्षं जोडप्यांसमोर बसल्यावर तो अनपेक्षितही वाटत नाही. धीराच्या शब्दांत नकळत सल्ला शिरतो, सल्ल्यात परीक्षण शिरतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आता याचंही समाधान करायचं आहे. खांद्यावरच्या हाताला उत्तर द्यावं लागत नाही.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. कारण ते कळलं की कसा आणि किती स्पर्श करायचा याचं उत्तर आपोआप मिळतं.

त्वचेतून मेंदूकडे जाणारे स्पर्शाचे तंतू दोन तऱ्हेचे असतात. जाड, वेगवान तंतू सांगतात की काहीतरी लागलं, कुठे लागलं, खरखरीत आहे की गुळगुळीत. दुसरे बारीक आणि संथ. त्यांच्यातून संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर या गतीने जातो. हे संथ तंतू मुख्यतः लव असलेल्या त्वचेत असतात, म्हणजे हाताचा वरचा भाग, पाठ, खांदे, चेहरा; तळहातावर अगदीच थोडे. त्यांना 'सी-टॅक्टाइल' तंतू म्हणतात. माणसातल्या या तंतूंवरचं पायाभूत काम स्वीडनमध्ये झालं. जागेपणी माणसाच्या नसेत सुई घालून एकेका तंतूचे संदेश तिथे नोंदवले गेले. २००९ मध्ये दिसून आलं की मऊ ब्रश त्वचेवरून सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने फिरवला की हे तंतू सर्वांत जास्त चेततात, आणि नेमक्या त्याच वेगाला लोक 'छान वाटलं' असं सांगतात. त्याहून भरभर किंवा त्याहून रेंगाळत फिरवला तर दोन्ही कमी होतं. पुढे असंही दिसलं की ब्रशऐवजी जे टेकवलं ते साधारण ३२ अंश सेल्सिअसचं, म्हणजे त्वचेइतकंच ऊबदार, असेल तर हे तंतू सर्वांत चांगले बोलतात. थंड किंवा गरम वस्तूला ते तितकी दाद देत नाहीत. माणसाच्या हातासाठीच जणू बेतलेली रचना.

हे तंतू वेगळंच काही सांगतात याचा सुंदर पुरावा २००२ मध्ये मिळाला. आजारात जाड तंतू गमावलेली एक स्त्री होती. त्वचेला काही लागलं तर तिला एरवी कळत नसे, पण हाताच्या वरच्या भागावरून मऊ ब्रश फिरवला की कुठेतरी अस्पष्ट, सुखद असं काही जाणवे. मेंदूच्या चित्रात त्या वेळी इन्सुला हा भाग चेतलेला दिसला, म्हणजे शरीराच्या आतली खुशाली, भूक, धडधड, ऊब यांची खबर ठेवणारा भाग. स्पर्शाची जागा आणि पोत ओळखणारा भाग गप्प होता. मला या निरीक्षणाचं फार अप्रूप आहे. मायेच्या स्पर्शाची नोंद मेंदू 'बाहेर काय लागलं' या खात्यात करत नाही, 'मी आत कसा आहे' या खात्यात करतो.

ताणाची यंत्रणाही आतल्या खुशालीचीच. मेंदूने धोका ओळखला की काही सेकंदांत ॲड्रेनलिन सुटतं. मागोमाग मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला आणि पिट्युटरी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना कळवते, मग कॉर्टिसोल रक्तात येतं. ते वीस-तीस मिनिटांनी शिखराला पोहोचतं आणि उतरायला तासभर ते दीड तास सहज घेतं. नवरा दारात येतो तेव्हा कामावरची शेवटची खडाजंगी किंवा रस्त्यावरची कोंडी अजून त्याच्या रक्तात असते. त्या क्षणी कोणत्याही मिठीने ते रसायन पुसलं जाणार नाही. स्पर्शाचा खरा उपयोग होतो तो मेंदू धोका मोजत असताना: हे मला एकट्याला निभवायचं आहे की माझ्याबरोबर कुणी आहे?

हे मोजमाप २००६ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स कोअन यांच्या गटाने जवळजवळ डोळ्यांनी दिसेल असं मांडलं. सोळा विवाहित स्त्रियांना मेंदूचं स्कॅनिंग करणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि सांगितलं की अमुक खूण दिसली की पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो. कधी त्यांनी नवऱ्याचा हात धरला होता, कधी अनोळखी पुरुषाचा, कधी कुणाचाच नाही. हात नसताना मेंदूतले धोक्याशी संबंधित भाग सर्वांत जास्त चेतले. अनोळखी हातानेही थोडा फरक पडला. नवऱ्याच्या हाताने सर्वांत जास्त, आणि ज्यांचं नातं जास्त समाधानाचं होतं त्यांच्यात तो आणखी ठळक. हात नवऱ्याचाच, झटक्याची शक्यता तीच, तरी नात्याप्रमाणे परिणाम बदलला. म्हणून 'मिठी मारा, ताण घालवा' असं सरसकट सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. ज्या हाताशी भांडण शिल्लक आहे तो हात मेंदूला दिलासा म्हणून पोहोचेलच असं नाही.

ऑक्सिटोसिनचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून तेही सांगून टाकते. १९०६ मध्ये हेन्री डेल यांना पिट्युटरीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावताना दिसलं, तिथपासून याची ओळख. प्रसूती आणि दूध पाजणं ही त्याची पक्की कामं. आपुलकीच्या स्पर्शात त्याचा वाटा आहे हे मानायला आधार आहे, पण रक्तात किंवा लाळेत मोजलेल्या ऑक्सिटोसिनवरून मेंदूत काय चाललं आहे ते सरळ कळत नाही आणि माणसांवरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. 'प्रेमाचं हार्मोन' हे नाव जाहिरातीला शोभतं. रोजच्या व्यवहारात ते विसरलात तरी काही बिघडत नाही.

आता तुमच्या नवऱ्याच्या आखडण्याकडे वळते. माझ्यासमोर ही तक्रार वरचेवर येते, आणि आखडणारा दर वेळी पुरुषच असतो असं अजिबात नाही.

पहिली शक्यता मला सर्वांत मोठी वाटते. तुम्ही मिठी मारता ती तो वाईट दिसतो तेव्हाच. काही दिवसांत शरीर हे शिकतं. मिठी आली म्हणजे आपण वाईट दिसतो आहोत, म्हणजे आता 'काय झालं?' हा प्रश्न येणार, म्हणजे दिवसभराचं पुन्हा उगाळावं लागणार. मग मिठी हीच एक मागणी होऊन बसते. त्याला तुम्ही नको आहात असा याचा अर्थ लावू नका.

दुसरी शक्यता संवेदनांची. दिवसभर आवाज, माणसं, फोन, गर्दी झेलून आलेल्या काहींना तासभर कशाचाच स्पर्श सोसत नाही, अगदी कपड्याची शिवणसुद्धा टोचते. काहींची त्वचा जन्मापासूनच अशी असते. ऑटिझम असलेल्या अनेकांना हलका, अचानक स्पर्श असह्य होतो, पण सांगून केलेला घट्ट, स्थिर दाब आवडतो. बाकीच्यांच्या बाबतीतही एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही की दमलेल्या माणसाला कुरवाळण्यापेक्षा खांद्यावर टेकवलेला निवांत हात पुष्कळदा जास्त बरा वाटतो.

तिसरी गोष्ट जोडपी सहजासहजी बोलत नाहीत, म्हणून मीच विचारते. तुमच्या दोघांत गेली काही वर्षं स्पर्श म्हणजे शरीरसंबंधाची सुरुवात, एवढाच अर्थ उरला आहे का? तसं असेल तर दमलेला माणूस साध्या हातालाही बिचकतो, कारण त्याला पुढची पायरी दिसते आणि 'आज नको' म्हणून तुम्हाला दुखवायचं नसतं. हीच गोष्ट उलट्या बाजूनेही घडते, किंबहुना बायकांकडून मी ती जास्त ऐकते. यावर उपाय बोलूनच होतो: काही स्पर्श हे तिथेच थांबणारे आहेत, हे दोघांनी उघड ठरवायचं आणि पाळायचं. हा करार झाला की आटलेला साधा स्पर्श बऱ्याच घरांत परत येतो.

चौथी म्हणजे वाढ. ज्या घरात मूल चालायला लागल्यावर कुणी त्याला जवळ घेतलं नाही, तिथे मोठं झालेल्या माणसाला संकटात स्वतःच्या कोषात जाऊनच बरं वाटतं. त्याची सावरायची तीच रीत आहे. ती बदलू शकते, पण ओढून नाही. आणि स्पर्शातूनच कधी इजा किंवा अत्याचार झालेला असेल तर आखडणं हे शरीराने स्वतःला सांभाळण्याचं काम आहे. तिथे घरगुती प्रयोग करू नका, या विषयात काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

मग करायचं काय? दारातली मिठी काही आठवडे बंद करा. त्याला घरात आल्यावर अर्धा-पाऊण तास त्याचा त्याला द्या आणि त्याबद्दल मनात राग धरू नका. त्याऐवजी सकाळ धरा. तो बाहेर पडायच्या आधी, काहीही बिघडलेलं नसताना, पाठीवर हात, शेजारी बसल्यावर खांद्याला खांदा, निघताना नीट मिठी. लंडनमधल्या २०२१ च्या एका अभ्यासात एका सेकंदाची मिठी लोकांना फिकी वाटली. पाच आणि दहा सेकंदांच्या मिठ्या सारख्याच आवडल्या. तेव्हा मनात आकडे मोजत उभं राहायची गरज नाही. समोरच्याचा श्वास जरा सैल झाला आणि तो सुटू लागला की तुम्हीही सोडा. त्यानंतरही तुम्ही घट्ट धरून ठेवलंत तर ती मिठी तुमची होते.

कितीदा, हा प्रश्न किती वेळ यापेक्षा महत्त्वाचा आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात १३७ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले होते. त्यातून दिसलं की स्पर्शाने वेदना, चिंता आणि खिन्नता कमी व्हायला मदत होते, आणि एका वेळी लांबलचक स्पर्शापेक्षा तो वरचेवर मिळण्याने जास्त फायदा होतो. मोठ्यांच्या बाबतीत स्पर्श जवळच्या माणसाचा की आरोग्य कर्मचाऱ्याचा यानेही लाभात विशेष फरक पडला नाही. नवजात बाळांना मात्र आईवडिलांच्या स्पर्शाचा अधिक उपयोग झाला. वर सांगितलेल्या हाताच्या प्रयोगाशी हे जुळत नाही असं वाटेल. मला तसं वाटत नाही. परिचारिका हात लावते तेव्हा तिच्याशी आपलं काही देणंघेणं बाकी नसतं. नवरा-बायकोत ते असतं, म्हणून तिथे स्पर्श जास्त देऊही शकतो आणि जास्त बिघडवूही शकतो.

संध्याकाळचं विचारायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी, डोकं शांत असताना विचारा. 'तू दमून येतोस तेव्हा तुला काय बरं वाटतं?' असा मोकळा प्रश्न टाकलात तर 'काही नाही' एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा निवडायला द्या: एकटं बसू द्यावं, मी नुसतं शेजारी बसावं, की खांदे दाबून द्यावेत? त्याने 'एकटं' निवडलं तर ते मनापासून माना. नकार चालतो हे पटल्याशिवाय कुणी होकाराकडे वळत नाही. खांदे दाबायचे ठरले तर हातात फोन नको, तोंडात सल्ला नको. मागून किंवा बाजूने बसा; डोळ्यांत डोळे घालून जवळ येणं काहींना चौकशीसारखं वाटतं. कोपरापासून मनगटापर्यंत हात फिरवायचा तर सात-आठ सेकंद लागतील इतका सावकाश. घाईत थोपटणं म्हणजे 'चल, झालं आता' असा निरोप, आणि तो बरोबर पोहोचतो.

पुरुषांना याचा उपयोगच होत नाही, असं कुणी तुम्हाला सांगेल. जर्मनीतल्या २०२२ च्या एका अभ्यासात जोडीदाराच्या मिठीनंतर बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावला, तेव्हा स्त्रियांचं कॉर्टिसोल कमी चढलं, पुरुषांचं तसं दिसलं नाही. अभ्यास ७६ जणांचा, मिठी एकदाच मारलेली, ताण प्रयोगशाळेतला. यावरून एखाद्या माणसाच्या घरचं ठरवू नये.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही त्याची काळजी लिहिलीत, पण पत्रातून मला दुसरीही एक गोष्ट ऐकू आली. इतके महिने त्याच्याकडे बघून तुमचाही जीव टांगणीला लागला आहे. दारातली ती मिठी काही अंशी तुम्हालाच हवी असेल का? असली तर त्यात गैर काहीच नाही. आधार देणाऱ्यालाही त्याचा लाभ होतो. २०१२ च्या एका प्रयोगात झटके सोसणाऱ्या जोडीदाराचा दंड धरून ठेवलेल्या स्त्रियांच्या मेंदूत समाधानाशी निगडित भाग चेतलेले दिसले. फक्त ते देणं आहे असं न भासवता मागून टाका. 'आज माझा दिवस वाईट गेला, मला पाच मिनिटं जवळ घेतोस?' घेण्यात ज्याला अवघडल्यासारखं होतं असा माणूस द्यायला मात्र अनेकदा चटकन तयार होतो, आणि देता देता त्याचेही खांदे उतरतात. ज्या घरांत दुसरं काही जमलं नाही तिथे हे जमलेलं मी पाहिलं आहे.

तो मिठी देण्याच्या मनःस्थितीत नसेल त्या दिवसासाठीही काही आहे. २०२१ च्या एका अभ्यासात एक हात छातीवर, एक पोटावर ठेवून वीस सेकंद सावकाश श्वास घेणाऱ्यांचं कॉर्टिसोल ताणाच्या चाचणीत, मिठी मिळालेल्यांसारखंच, काहीही न केलेल्यांपेक्षा कमी राहिलं. एकट्या राहणाऱ्या लोकांना मी हे आवर्जून सांगते. मैत्रीण, भावंडं, आई, मांडीवर येऊन बसणारं मांजर, सगळं चालतं. स्पर्शाची सगळी गरज एकाच माणसाने भागवावी हा हट्ट कशाला?

भांडण झालेल्या दिवशी काय करावं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते येतंच. अमेरिकेत ४०४ जणांशी सलग चौदा संध्याकाळी बोलून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणाशी खटका उडालेल्या दिवशी कुणाचीतरी मिठी मिळाली असेल तर मन कमी बिघडत होतं. मिठी भांडलेल्या माणसाचीच हवी असं त्यात नव्हतं. हे नुसतं निरीक्षण आहे, त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, तरी माझ्या अनुभवाशी ते जुळतं. मात्र मुद्दा बोलायच्या आत मिठी मारून विषय मिटवायची सवय लागली तर काही महिन्यांत मिठीचाच वीट येतो. आधी 'तुझं म्हणणं मला कळलं' हे यायला हवं. आणि घरात मारहाण किंवा धाक असेल तर वरचं काहीही लागू नाही. तिथे जवळीक वाढवण्याचा सल्ला धोक्याचा असतो, आधी सुरक्षितता.

शेवटी कामाच्या ओढाताणीचं. स्पर्शाने ती कमी होत नाही. तिच्यासाठी वरिष्ठांशी बोलणं, कामाची वाटणी, कधी नोकरी बदलणं हेच लागतं. तो सलग दोन आठवडे नीट झोपत नसेल, जेवण सुटलं असेल, आवडीच्या गोष्टींतून मन उडालं असेल किंवा दारू वाढली असेल तर डॉक्टरांकडे न्या. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर त्याच दिवशी. छातीत दाटून येणं किंवा दुखणं हे 'ताणामुळेच असेल' म्हणून घरी ठेवू नका, ते आधी तपासून घ्यायचं.